बाबांनी पाइप घासून ठेवले

तीर्थरूप दादास,

धाकट्या बहिणीचा साष्टांग नमस्कार. (गुडघा सुजलाय, त्यामुळे तो उभ्याउभ्या मनातल्या मनातच घातला आहे, गोड मानून घे.) इकडे सगळे ठीक आहेत. सगळे म्हणजे मी आणि बाबा, आणखी कोणी उरलंच नाही. तुझा रक्तदाब, वहिनींची मान आणि चिरंजीवांची नोकरी या तिन्ही गोष्टी जागच्या जागी असतील अशी आशा आहे. वहिनींचा निरोप मिळाला. मी लग्न केलं नाही म्हणजे माझ्याकडे वेळ नुसता सांडतोय, हा त्यांचा समज इतक्या वर्षांनीही शाबूत आहे हे ऐकून बरं वाटलं. त्यांना म्हणावं, सांडलेला वेळ पुसायलाही मलाच वाकावं लागतं. फोन सोडून पत्र का, असं तू म्हणशील. एक तर फोनवर तू मीटिंगमध्ये असतोस. (रविवारीसुद्धा असतोस. मागे कपबशांचा आवाज येत असताना पण असतोस.) दुसरं म्हणजे बाबा हल्ली खुर्ची ओढून फोनच्या शेजारीच बसतात, आणि मला जे लिहायचंय ते त्यांच्यासमोर बोलता येणार नाही.

तर घराचं. विकायचं हे आपण तिघांनी मिळून ठरवलं, त्याबद्दल माझी तक्रार नाही. जिने बाबांना झेपत नाहीत, छप्पर गळतं आणि तुला तुझा वाटा हवा आहे. तिन्ही कारणं रास्त आहेत, त्यातलं तिसरं तू कधी तोंडाने उच्चारत नाहीस एवढंच. गिऱ्हाईकही चांगलं मिळालं होतं. तरुण नवरा-बायको, बाई दिवस गेलेली. तळघरात बॉयलरशेजारची जी कोरडी खोली आहे ना, तिथे बाळाचे कपडे वाळवता येतील म्हणून ती इतकी खूश झाली की तिने त्या खोलीत दोनदा गोल फिरून घेतलं. मग त्यांच्या वकिलाचा कागद आला, त्यात सरळ प्रश्न होता की घरात ॲस्बेस्टॉस आहे का. मी तुला फोन केला. तू मीटिंगमधून बाहेर येऊन सांगितलंस, 'लिही, आमच्या माहितीत नाही.' मी म्हटलं, दादा, माहितीत कसं नाही, आपण त्यातच वाढलो की. त्यावर तू म्हणालास की माहितीत नाही म्हणजे खोटं नव्हे, ती एक शब्दरचना आहे. विमा कंपनीत लोकांचे दावे तपासून तपासून तू कुठल्या थराला पोचलायस हे तेव्हा कळलं. अमक्याला तमक्यामुळे काहीही झालेलं नाही, हे सिद्ध करण्याचा पगार घेतोस तू! मी शब्दरचना केली नाही. 'आहे, भरपूर आहे, वडिलांनी स्वतःच्या हाताने बसवलंय' असं लिहून टाकलं. त्यानंतर तू माझ्याशी अबोला धरलास (की मी तुझ्याशी, हे नक्की आठवत नाही, दोन्हीकडून होता म्हणून छान टिकला).

तुझा दुसरा सल्ला तर सोन्याने मढवून ठेवण्यासारखा होता. दोन मजूर बोलव, सुट्टीच्या दिवशी हातोडीने पाडून टाक आणि पोत्यात भरून कोपऱ्यावरच्या कचऱ्यात टाक, कोणाला कळतंय! अरे, मी नेहमी चौकशीच्या खिडकीच्या आतल्या बाजूला बसते, त्यामुळे बाहेरून चौकशी कशी करतात ते मला येत नव्हतं. तरी सरकारी कार्यालयात गेले. आतल्या बाईने माझ्याकडे बघितलं न बघितलं आणि भिंतीवरच्या तक्त्याकडे बोट केलं. (मी बसस्थानकावर लोकांना नेमकं असंच करते. फार अपमानास्पद वाटतं, पण हात आपोआप जातो.) तो तक्ता वाचून माझ्या तोंडचं पाणी पळालं. आधी तपासनीस येणार, नमुने घेणार, प्रयोगशाळेत पाठवणार. मग ज्यांच्याकडे परवाना आहे त्यांनीच ते काढायचं, आणि काढण्याच्या आधी कार्यालयाला तशी लेखी सूचना द्यायची. खोली प्लॅस्टिकने सीलबंद करायची, आतली हवा गाळून बाहेर सोडायची, माल ओला करून काढायचा, दुहेरी पिशवीत भरायचा, पिशवीवर धोक्याची चिठ्ठी लावायची, आणि तो साध्या कचऱ्यात न टाकता त्याच्यासाठी राखलेल्या जागीच नेऊन पुरायचा. सगळं झाल्यावर तिसऱ्याच माणसाने हवा तपासून दाखला द्यायचा, तोवर घराच्या मालकानेसुद्धा घरात पाऊल टाकायचं नाही. छपराचे सिमेंटचे पत्रे अखंड असतील तर त्यांना जरा सवलत असते, पण पाइपांवरचा भुसभुशीत लेप म्हणजे सगळ्यात वाईट. आणि आपल्याकडे काय आहे? आपल्याकडे लेपवाल्याचं घर आहे.

तू लवकर बाहेर पडलास म्हणून तुला विसर पडला असेल, पण बाबांना गिरणीत कोणी नावाने हाक मारतच नसे, लेपवाले म्हणत. वाफेच्या पाइपांना लेप चढवावा तर यांनी. पिंपात ॲस्बेस्टॉसचा तो पांढरा कापूस ओतायचा, पाणी घालायचं, दोन्ही हातांनी कोपरापर्यंत मळायचं, आणि पाइपावर असा गुळगुळीत थापायचा की साहेब लोक हात फिरवून बघत. मालाची गाडी आली की पोरांसारखे एकमेकांवर त्याचे गोळे फेकायचे म्हणे, आणि जेवणाच्या सुट्टीत त्याच पोत्यांवर आडवे व्हायचे, कारण गिरणीत तेवढी एकच मऊ जागा होती. उरलासुरला माल साहेबाच्या परवानगीने घरी यायचा. आपल्या घरात नुसते पाइप नाहीत रे. तळघराचं छत त्याचं, शेडचे पत्रे त्याचे, इस्त्रीखालचा पाट त्याचा, गरम भांडं ठेवायची चकती त्याची. आग लागली तर हे घर शेवटी जळेल, असं बाबा येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवायचे. इतर बाप आपल्या लेकरांना सोनंनाणं देतात, आपल्या बापाने आपल्याला न जळणारं तळघर दिलं. ते विषारी निघालं हा त्यांचा गुन्हा नाही. ज्यांना माहीत होतं त्यांनी यांना सांगितलं नाही. इथे रागाने पेन दाबलं गेलंय, कागद फाटलाय, समजून घे.

आता मुख्य गोंधळाकडे येते. तपासनीस येणार हे मी बाबांना सांगितलं, का येणार ते सांगितलं नाही. मी म्हटलं, घर घेण्याआधी लोक हल्ली पाइप बघतात. झालं! पाइप बघायला माणूस येणार म्हटल्यावर लेपवाले पेटले. मी कामावर गेले आणि हे तारेचा ब्रश घेऊन तळघरात उतरले. जुना लेप जिथे जिथे फुगला होता, तडकला होता, तिथे तिथे घासून साफ केला. सुटे पोपडे झाडून एका कोपऱ्यात ढीग केला. वरून नव्या चादरीच्या पट्ट्या गुंडाळल्या (वहिनींनी दिलेली चादर, फिकट निळी; त्यांना सांगू नकोस) आणि त्यावर पांढरा रंग मारला. मी परत आले तेव्हा बाबा जिन्याच्या वरच्या पायरीवर धापा टाकत बसले होते. भुवया पांढऱ्या, कान पांढरे, चेहऱ्यावर कृतार्थ भाव. म्हणाले, परकी माणसं येणार, आपलं काम गबाळं दिसायला नको. मी कपाळावर हात मारून घेतला, तर त्यांना वाटलं मी भारावून गेले.

तपासनीस बाई दुसऱ्या दिवशी आली. गोल चेहऱ्याची, चष्मा लावणारी, बोलायला मऊ. बाबांनी तिला जिन्यातूनच हात धरून खाली न्यायची तयारी दाखवली. दिवा लावला, बाजूला उभे राहिले, आणि ती आता हात फिरवून बघेल म्हणून वाट बघू लागले. बाईने दारातूनच आत टॉर्च मारला. कोपऱ्यातला ढीग दिसला, ब्रश दिसला, बाबांच्या चपलांचे पांढरे ठसे जिन्यावरून स्वयंपाकघराकडे गेलेले दिसले. मागे सरकली, पिशवीतून मुखवटा काढून चढवला आणि हातानेच आम्हाला बाहेर चला अशी खूण केली. बाबांचा चेहरा बघवत नव्हता. पाहुण्याने ताटावरून नाक दाबून उठावं तसं झालं त्यांना. तर अशा रीतीने जे काम फक्त तळघरापुरतं होतं ते लेपवाल्यांच्या स्वच्छतेमुळे सगळ्या घराचं झालं. जिना, स्वयंपाकघर, माझे पडदे, बाबांची गादी, सगळं. नुसतं राहू दिलं असतं तर निम्म्यात भागलं असतं, असं बाई म्हणाली. अशी चूक जगात दुसऱ्या कोणाकडून झाली नसती, दादा. लोक अशा वेळी माल लपवतात. आपल्या बापाने तो घासूनपुसून मांडून ठेवला.

पण मला जे लिहायचंय ते यापुढचं आहे. बाबा समोरच्या कट्ट्यावर रुसून बसले होते आणि बाई गल्लीत उभी राहून माझ्याकडून माहिती घेत होती. वडील काय काम करायचे, किती वर्षं, खोकला आहे का. मी सांगत गेले. मग तिने अगदी सहज, पुढचा प्रश्न म्हणून विचारलं, कामाचे कपडे घरी कोण धुवायचं? मी म्हटलं, आई. ती म्हणाली, त्या कशा आहेत? मी म्हटलं, गेली, छातीच्या आजाराने. तिने पेन खाली घेतलं. तिला पुढे काही सांगावं लागलं नाही आणि मला काही विचारावं लागलं नाही.

तुला आठवतं ना, आईच्या छातीत पाणी झालं तेव्हा त्या डॉक्टरने आपल्याला बाजूला घेऊन विचारलं होतं, यांना विड्या-सिगारेटचं व्यसन होतं का? आईला! जिला उदबत्तीचा धूर सहन व्हायचा नाही! मग तो म्हणाला की स्वयंपाकघरातल्या स्टोव्हमुळे झालं असेल, आणि बाबांनी ते असं घट्ट धरून ठेवलं की आजतागायत सोडलेलं नाही. तो स्टोव्ह त्यांनी अंगणात नेऊन कुऱ्हाडीने फोडला. त्या कंपनीची साधी काडेपेटीसुद्धा घरात येऊ दिली नाही. दुकानात तिची जाहिरात दिसली तर दुकानदाराशी भांडतात, मी हात धरून ओढून आणते. इतकी वर्षं त्यांना एक शत्रू आहे आणि तो पत्र्याचा आहे, म्हणून ते जगलेत. आणि खरं काय? रोज संध्याकाळी ते दारात यायचे, आई त्यांचे कपडे घ्यायची आणि झटकायची. बाहेर नाही झटकायची, कारण बाहेर शेजारणीचं धुणं वाळत असायचं, ते खराब होईल. आत, मोरीच्या बोळात, दार लावून घेऊन. दुसऱ्याचं धुणं जपायला, दादा. मला हे आठवलं आणि त्या गल्लीत, त्या परक्या बाईसमोर, मी भर दुपारी हमसून हमसून रडले. बाबांनी कट्ट्यावरून विचारलं, काय झालं? मी ओरडून सांगितलं, गुडघा!

तेव्हा मी ठरवलं की काही झालं तरी हे बाबांना कळू द्यायचं नाही. बाकी घर विको न विको. तुला हसू येईल, पण त्या आठवड्यात मी जे धंदे केले ते एखाद्या चोराने केले नसतील. कार्यालयाने दिलेलं माहितीपत्रक मी फाडून बसस्थानकाच्या कचऱ्यात टाकलं. (मग वाटलं, ॲस्बेस्टॉसचा नुसता कागदसुद्धा साध्या कचऱ्यात चालतो की नाही, म्हणून परत जाऊन बघून आले.) दारावर लावलेल्या धोक्याच्या सूचनेवर बाबांचा कोट टांगला, तो तिथल्या माणसाने काढला, मी परत टांगला. सगळ्यात मोठी थाप म्हणजे हे सगळं का काढतायत याचं कारण. मी सांगितलं, बाबा, आता नवीन पद्धतीचे लेप आलेत, हे जुन्या फॅशनचं झालं. त्यावर बाबा दोन दिवस जेवले नाहीत नीट. फॅशनचं? पाइपाला कसली आलीय फॅशन? खरं सांगितलं असतं तर याहून कमी लागलं असतं की काय, असं मला वाटून गेलं, पण मग मोरीचा बोळ आठवायचा आणि मी गप्प बसायचे.

तपासणी झाली त्याच दिवशी आम्ही समोरच्या लॉजवर खोली घेतली होती. घरातून अंगावरच्या कपड्यांनिशी निघालो. आणि तुला एक बातमी द्यायची राहिली. तळघरातली तुझी पत्र्याची पेटी, तुझ्या वक्तृत्वाच्या ढाली, पहिल्या नंबराची प्रमाणपत्रं आणि नाटकातली ती दाढी, या सगळ्यावर पांढरी पूड होती. ते धुऊन निघण्यासारखं नव्हतं. ते दुहेरी पिशवीत घालून, वर 'घातक, उघडू नये' अशी चिठ्ठी लावून, जमिनीत पुरायला पाठवलंय. वक्तृत्वाच्या ढालीला ती चिठ्ठी मला फार शोभून दिसली, मी मुद्दाम थांबून बघितली.

लॉजचा मालक भला माणूस. त्याने बाबांना दाराशी खुर्ची दिली, आणि पिवळ्या फितीच्या अलीकडे बसून लेपवाल्यांनी त्या सगळ्या कामावर टीका सुरू केली. पांढरे सूट घातलेली माणसं आत जाताना बघून ते आधी पोट धरून हसले. मग म्हणाले, बघ, आमच्या कापसाला हे तान्ह्या बाळासारखं न्हाऊ घालतायत, गुंडाळतायत. एवढं भिजवलं तर निघणार कसा? पट्टा आडवा कापतायत, उभा कापायला हवा. आम्ही असतो तर जेवणाच्या सुट्टीआधी मोकळे झालो असतो! (आणि जेवायलाही त्याच्यावरच बसलो असतो, हे मी मनात.) मध्येच खोकला यायचा, तो संपेपर्यंत वाक्य धरून ठेवायचे आणि मग पुरं करायचे. त्यांच्या छातीचे फोटो काढून आणलेत. फुप्फुसावर जुने व्रण आहेत, पण या वयात आता लक्ष ठेवू, असं डॉक्टर म्हणाला. ज्याने कोपरापर्यंत हात घालून मळलं तो ऐंशीच्या घरात फॅशनवर वाद घालतोय, आणि जिने नुसतं झटकलं ती भिंतीवरच्या फोटोत. कोणाकडे तक्रार करायची याची? तुमच्याकडे त्याला काही दाव्याचा नंबर असतो का?

त्या पांढऱ्या सूटवाल्यांच्या मुकादमाचं नि बाबांचं जमलं. तो विश्रांतीला बाहेर आला की दोघांच्या गप्पा चालायच्या, आणि मी मधे पाचर मारल्यासारखी उभी. मला कामावर जाणं भाग होतं तेवढं सोडून मी हललेच नाही. पण काय उपयोग! शेवटून दुसऱ्या दिवशी, मी तिथेच उभी असताना, बाबांनी विचारलं की तुम्ही लोक संध्याकाळी त्या गाडीत जाऊन आंघोळ कसली करता, घरी मोऱ्या नाहीत का तुम्हाला? मी लगेच मोठ्याने म्हटलं, बाबा, पाऊस येणारसं दिसतंय. आकाश निळंशार होतं. मुकादम माझ्याकडे बघून हसला आणि बाबांना म्हणाला, काका, या कामाचे कपडे घरी न्यायचेच नाहीत, सक्त नियम आहे. पूर्वी न्यायचे की लोक. बायका झटकायच्या. पुरुष टिकले काही काही, बायका गेल्या. एवढं बोलून त्याने चहा संपवला, पेला खुर्चीखाली ठेवला आणि कामावर गेला. त्याची काही चूक नाही. त्याला वाटलं हे सगळ्यांना माहीत असतं.

उरलेला दिवस त्यांनी पट्टा उभा कापावा की आडवा याबद्दल चकार शब्द काढला नाही. रात्री जेवले, औषध घेतलं, मी नको म्हणत असताना माझं ताट विसळलं. हवेचा दाखला मिळाला, आम्ही घरी परत आलो. घर कसलं, नुसत्या भिंती. तळघरात उघडे पाइप, त्यांना हात लावून बाबा उभे होते. मला म्हणाले, तुझी आई माझे कपडे कुठे झटकायची गं? मी म्हटलं, अंगणात. एका क्षणात म्हटलं, अजिबात चाचरले नाही. ते म्हणाले, अंगणात शेजारणीचं धुणं असायचं. मी म्हटलं, दुसऱ्या बाजूला. ते म्हणाले, दुसऱ्या बाजूला भिंत आहे. मग बराच वेळ पाइपावरून हात फिरवत राहिले आणि म्हणाले, तुला काय माहीत असणार, तू लहान होतीस. थोरल्याला विचारतो. त्याच्याकडे सगळ्या आजारांचे कागद येतात. तेव्हापासून खुर्ची फोनपाशी आहे. स्वतःहून लावत नाहीत. तुझा यायची वाट बघतात, आणि वाजला की उचलायच्या आधी मला हात करून थांबवतात. तीनदा वाजला, तिन्ही वेळा चुकीचा नंबर.

बाकी इकडचं सगळं बरं चाललं आहे. ते नवरा-बायको घर घेतायत. खरं लिहिलंत म्हणून विश्वास बसला, असं ती म्हणाली (तुझ्या शब्दरचनेला हे कळव). तेव्हा सह्यांसाठी तुला यावं लागेल, तारीख वकील कळवेल. येताना चादर आण, फिकट निळी नको. वहिनींना नमस्कार, चिरंजीवांना अनेक आशीर्वाद, तुझा रक्तदाब तूच सांभाळ. कळावे, लोभ जेवढा शिल्लक असेल तेवढा राहू द्यावा.

तुझी,
धाकटी

ता. क. : सह्यांना उशिरा आलास तरी चालेल. खरं काम पुढे आहे, वरचं सगळं वाचलं नसशील तरी हे वाच. येत्या रविवारी सकाळी फोन कर. बाबाच घेतील आणि विचारतील. त्यांना सांग, आईचा आजार वेगळाच होता, तू कंपनीच्या डॉक्टरांना मुद्दाम विचारलंस, कपड्यांचा काडीचा संबंध नाही, तो स्टोव्हच. मध्ये मध्ये तीन-चार अवघड शब्द घाल. हो, मीच सांगतेय हे. कागदावर खोटं लिहिणार नाही म्हणून तुझ्याशी भांडणारी मीच. त्या बाईच्या पोटात बाळ आहे, तिला खरं कळायलाच हवं होतं. बाबांना कळून काय होणार आहे? आई उठून येणार आहे? मी माझ्या परीने सांगून पाहिलं, पण मी दिवसभर लोकांना 'गाडी येतेच आहे' सांगते हे त्यांना ठाऊक आहे. तुझ्यावर विश्वास आहे त्यांचा. कोणाला कशामुळे काही झालं नाही हे तू रोज परक्या लोकांना सांगतोस, एकदा घरच्या माणसाला सांग.

ता. क. दुसरा : स्वतःच्या छातीचा फोटो काढून घे. बाबा दारात आले की कपडे बदलायच्या आत त्यांना बिलगायला तू पहिला असायचास, मी तुझ्यामागे. माझा काढला, स्वच्छ आहे. तुझाही असेल. नसला तर आधी मला कळव, बाबांना मी काहीतरी सांगेन.

ता. क. तिसरा : आणि एक. खोटं बोलायच्या आधी तू घसा खाकरतोस. शाळेत असल्यापासून. बाबांना ते माहीत आहे, ते कधी बोलले नाहीत एवढंच. नंबर फिरवायच्या आधी काय तो खाकरून घे.